विशेषणसंयोग, इंग्रजी भाषेतील

विशेषणसंयोग, इंग्रजी भाषेतील : इंग्रजीत विशेषणाला विशिष्ट अव्यय किंवा क्रियापद जोडून सिद्ध होणाऱ्या रूढ रचना. ‘फॉन्ड ऑफ’ (आवड असलेला), ‘गुड ॲट’ (एखाद्या कामात तरबेज), ‘ईगर टू प्लीज’ (खूश करण्यास उत्सुक), ‘गो मॅड’ (वेडे होणे) ही अशा रचनांची उदाहरणे होत. त्यांतील प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र अर्थ माहीत असूनही त्यांपैकी कोणता शब्द कोणाशी जोडावा, हे केवळ अर्थावरून सांगता येत नाही. ते बव्हंशी रूढीने ठरलेले असते. त्यामुळे इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांना या रचना विशेष कठीण वाटतात. उच्च शिक्षण घेतलेल्या व्यक्तीच्या लेखनातही परकेपणाची खूण प्रायः येथेच उमटते.

मराठीत शब्दयोगी अव्यये व विभक्तिप्रत्यय नामानंतर येतात (‘घरापुढे’, ‘गणितात’), तर इंग्रजीत त्यांचे काम करणारी अव्यये नामापूर्वी येतात. प्रस्तुत नोंदीत त्यांना ‘पूर्वयोगी अव्यये’ म्हटले आहे. विशेषणसंयोगांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : (१) विशेषण व पूर्वयोगी अव्यय, (२) विशेषण व त्यानंतर येणारे क्रियापदाचे रूप आणि (३) क्रियापद व त्यानंतर येणारे विशेषण.

ऐतिहासिक विकास : प्राचीन इंग्रजी ही संस्कृतप्रमाणे विभक्तिप्रधान भाषा होती. त्या काळी विशेषणाशी संबंधित नाम विशिष्ट विभक्तीत ठेवले जाई. ‘भरलेला’, ‘योग्य’, ‘स्मरण असलेला’ या अर्थांच्या विशेषणांबरोबर सामान्यतः षष्ठी, तर ‘सारखा’, ‘प्रिय’, ‘जवळचा’ या अर्थांच्या विशेषणांबरोबर चतुर्थी येई. संस्कृत व्याकरणातही असेच नियम आढळतात. ‘कुशल’ या शब्दाच्या योगे षष्ठी वा सप्तमी, ‘तुल्य’ अर्थाच्या शब्दांच्या योगे तृतीया वा षष्ठी आणि भय या अर्थाच्या धातूंच्या योगे भयाच्या कारणाची पंचमी पाणिनीने सांगितली आहे. विशेषणाने आपल्या जोडीच्या नामाचे रूप ठरवावे, ही प्रवृत्ती इंडो-यूरोपीय भाषाकुलात अशी जुनी आहे.

प्राचीन इंग्रजीच्या अखेरच्या काळात शब्दांच्या अंतीचे स्वर दुर्बल होऊन विभक्तिप्रत्यय झिजू लागले. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतरच्या दोन-तीन शतकांत ही प्रक्रिया बहुतांशी पूर्ण झाली. लुप्त झालेल्या प्रत्ययांचे काम पूर्वयोगी अव्ययांकडे आले. षष्ठीची जागा प्रामुख्याने ‘ऑफ’ने, तर चतुर्थीची ‘टू’ने घेतली. ‘फुल ऑफ’ (-ने भरलेला), ‘वर्दी ऑफ’ (-ला पात्र), ‘माइंडफुल ऑफ’ (-चे भान असलेला) आणि ‘डिअर टू’ (-ला प्रिय) या जोड्यांत जुन्या विभक्तींचेच अवशेष दिसतात. ‘लाइक’, ‘निअर’ व ‘वर्थ’ या शब्दांनी मात्र मधे अव्यय न घेता नाम थेट जोडण्याची जुनी पद्धत टिकवून ठेवली. त्यामुळे ‘वर्थ अ रुपी’ (रुपया किमतीचा) ही रचना शुद्ध होय. ‘वर्थ ऑफ अ रुपी’ ही अशुद्ध.

‘ऑफ’ या अव्ययाचा मूळ अर्थ ‘पासून, दूर’ असा होता. आज वेगळा मानला जाणारा ‘ऑफ्फ’ असा उच्चारला जाणारा शब्द मुळात त्याचेच बलयुक्त रूप होय. फ्रेंचमधील ‘द’ या अव्ययाच्या संपर्काने ‘ऑफ’चे कार्यक्षेत्र आणखी वाढले. फ्रेंच व लॅटिनमधून हजारो विशेषणे इंग्रजीत आली आणि त्यांपैकी अनेकांनी आपल्या मूळ उपसर्गाला अनुरूप असे अव्यय स्वीकारले. ‘कन्सिस्टंट’ (सुसंगत) व ‘कम्पॅटिबल’ (जुळणारा) यांतील आरंभीच्या लॅटिन उपसर्गाचा अर्थ ‘सह’ असा आहे व त्यांपुढे त्याच अर्थाचे ‘विथ’ येते. ‘ॲडजेसंट’मधील (लगतचा) उपसर्ग ‘कडे’ या अर्थाचा असून त्यापुढे ‘टू’ येते. तथापि हा नियम सार्वत्रिक नाही. ‘डिपेंडंट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘-पासून लोंबणारा’ असा असला, तरी त्यापुढे ‘ऑन’ येते. त्याच्याच विरुद्धार्थी ‘इंडिपेंडंट’ या शब्दापुढे मात्र ‘ऑफ’. ‘अव्हर्स’ (प्रतिकूल) याचा व्युत्पत्त्यर्थ ‘-पासून तोंड फिरविलेला’ असा असल्याने त्यापुढे ‘फ्रॉम’च हवे, असा आग्रह काही व्याकरणकारांनी धरला. परंतु व्यवहारात ‘अव्हर्स टू’ हेच रूढ झाले. व्युत्पत्ती ही रूढीचे कारण सांगते, पण तिला बांधू शकत नाही, हे यावरून दिसते.

विशेषण व पूर्वयोगी अव्यय : या वर्गातील काही विशेषणांना अव्ययाची जोड अनिवार्य असते. ‘फॉन्ड’ हे विशेषण ‘आवड असलेला’ या अर्थी विधेयस्थानी एकटे येऊ शकत नाही. आवड कशाची, हे ‘ऑफ’ने सांगावेच लागते. ‘डिव्हॉइड ऑफ’ (-विरहित), ‘प्रोन टू’ (-कडे कल असलेला), ‘टॅन्टमाउंट टू’ (-च्या तोडीचा) ही याच प्रकारची होत. ‘प्राउड’ (अभिमानी), ‘अफ्रेड’ (भ्यालेला), ‘टायर्ड’ (थकलेला) इत्यादींना ही जोड ऐच्छिक असते.

एकाच विशेषणाला भिन्न अव्यये जोडल्यास अर्थही भिन्न होतो. ‘गुड ॲट’ म्हणजे एखाद्या कौशल्यात तरबेज, ‘गुड फॉर’ म्हणजे हितकर, ‘गुड टू’ म्हणजे कोणाशी चांगुलपणाने वागणारा आणि ‘गुड विथ’ म्हणजे हाताळण्यात कुशल. ‘गुड विथ चिल्ड्रेन’ हे वर्णन मुलांना सांभाळण्याची हातोटी असलेल्या व्यक्तीचे, तर ‘गुड फॉर चिल्ड्रेन’ हे दुधासारख्या पदार्थाचे. ‘टायर्ड फ्रॉम’ शारीरिक थकव्याचे कारण दाखविते, तर ‘टायर्ड ऑफ’ कंटाळा व्यक्त करते. ‘फॅमिलिअर’ या विशेषणाच्या बाबतीत अव्यय बदलताच जाणणारा व जाणले जाणारे यांची जागाच बदलते : माणूस एखाद्या गावाशी परिचित असेल, तर ‘विथ’ येते, गाव त्या माणसाला परिचित असेल, तर ‘टू’ येते. ‘अँग्री’ (रागावलेला) या विशेषणापुढे माणसासाठी ‘विथ’ किंवा ‘ॲट’ आणि कारणासाठी ‘अबाउट’ किंवा ‘ॲट’ येते.

या भेदांचे महत्त्व केवळ शैलीपुरते नाही. विधी व राज्यव्यवहार यांच्या भाषेत त्यांवर हक्क आणि दायित्वे अवलंबून असतात. ‘रिस्पॉन्सिबल टू’ म्हणजे ज्याला जाब द्यावयाचा त्याच्याशी असलेले नाते, तर ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे ज्याबद्दल जाब द्यावयाचा ती गोष्ट. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ (३) नुसार मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असते. इंग्रजी पाठात तेथे ‘टू’ आहे. तेथे ‘फॉर’ घातल्यास मंत्रिपरिषद ही लोकसभेला नव्हे, तर लोकसभेच्या कृत्यांबद्दल जबाबदार ठरेल. मराठीत ‘लोकसभेला जबाबदार’ आणि ‘अपघाताला जबाबदार’ या दोन्ही ठिकाणी ‘ला’ हा एकच प्रत्यय येतो. संदर्भावरून अर्थ कळतो. म्हणून मराठीतून इंग्रजीत अनुवाद करताना मूळ वाक्यात न दिसणारा भेद अनुवादकाला स्वतः ओळखावा लागतो.

‘लायेबल’ हे विशेषणही असेच आहे. ‘लायेबल फॉर’ म्हणजे ऋण, कर, नुकसानभरपाई इत्यादींबद्दल देणेदार. ‘लायेबल टू’ म्हणजे शिक्षेस वा दंडास पात्र. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील अनेक कलमांत ‘लायेबल टू फाइन’ ही शब्दयोजना आढळते व १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठातही ती कायम आहे. याच जोडीपुढे साधे क्रियापद आल्यास मात्र ‘-ण्याचा संभव असलेला’ असा तिसराच अर्थ होतो, उदा., ‘लायेबल टू ब्रेक’ (मोडण्याचा संभव असलेला).

या जोड्यांतील अव्यय उच्चारात सामान्यतः आघातहीन असते. ‘ऑफ’चा उच्चार नेहमीच्या बोलण्यात केवळ ‘अव्ह’ इतकाच उरतो. यामुळे ते ऐकणाऱ्याच्या कानावर ठसत नाही आणि केवळ श्रवणाने भाषा शिकणाऱ्याच्या हातून ते निसटते. नाम प्रश्नार्थक होऊन वाक्याच्या आरंभी गेले, तरी अव्यय विशेषणाजवळच राहते, उदा., ‘व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?’ (तू कशाला भितोस?). अव्ययाने वाक्य संपविणे हा दोष होय, असे मत इंग्रज कवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये मांडले व पुढे शालेय व्याकरणांतून ते पसरले. तथापि इंग्रजीच्या स्वाभाविक प्रवृत्तीला धरून असलेली ही रचना बोलण्यातून व लेखनातूनही कधी नाहीशी झाली नाही.

विशेषण व क्रियापदाचे रूप : विशेषणानंतर क्रियापद दोन रूपांनी येते : ‘टू’ हे चिन्ह लागलेले मूळ रूप (मराठीतील ‘करायला’, ‘करण्यास’ यांसारखे) आणि ‘इंग’ प्रत्ययान्त धातुसाधित रूप (मराठीतील ‘करणे’ यासारखे). पूर्वयोगी अव्ययानंतर क्रियापद आल्यास ते नेहमी ‘इंग’ प्रत्ययान्त असते. म्हणून ‘गुड ॲट सिंगिंग’ (गाण्यात तरबेज), ‘केपेबल ऑफ डूइंग’ (करण्यास समर्थ). ‘बिझी’ व ‘वर्थ’ या विशेषणांपुढे अव्ययाशिवायच ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते. ‘केपेबल’ व ‘एबल’ या दोहोंचा अर्थ ‘समर्थ’ असला, तरी पहिल्यापुढे ‘ऑफ डूइंग’ व दुसऱ्यापुढे ‘टू डू’ असेच म्हणावे लागते. समान अर्थ म्हणजे समान रचना नव्हे, याचे हे ठळक उदाहरण होय.

‘टू’ हा शब्द काही ठिकाणी क्रियापदाचे चिन्ह, तर काही ठिकाणी पूर्वयोगी अव्यय असतो, यामुळे विशेष घोटाळा होतो. ‘एबल टू’, ‘रेडी टू डू’ यांत तो क्रियापदाचे चिन्ह आहे. ‘अकस्टम्ड टू’ व ‘यूज्ड टू’ (सवय असलेला), ‘अपोज्ड टू’ (विरुद्ध असलेला) यांत तो अव्यय आहे. ‘टू’पुढे क्रियापदाऐवजी एखादे नाम ठेवून अर्थ तोच राहतो का, हे पाहिल्यास भेद कळतो. ‘थंडीची सवय आहे’ असे म्हणताना ‘यूज्ड टू’ यापुढे ‘थंडी’चा वाचक शब्द ठेवता येतो, म्हणून ‘लवकर उठण्याची सवय आहे’ या अर्थी ‘इंग’ प्रत्ययान्त रूपच हवे. मूळ रूप वापरल्यास ‘यूज्ड टू’ हे ‘पूर्वी लवकर उठत असे’ अशा गतकालीन परिपाठाचे वाचक होते व तेव्हा त्यापूर्वी ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद येत नाही.

दोन्ही रूपे शक्य असतात तेथे अर्थभेद असतो. ‘राम इज शुअर ऑफ विनिंग’ या वाक्यात जिंकण्याची खात्री रामाला आहे. ‘राम इज शुअर टू विन’ या वाक्यात ती बोलणाऱ्याला आहे, रामाला ती असेलच असे नाही. ‘अफ्रेड टू’ भीतीमुळे कृती करण्यास कचरणे दाखविते, तर ‘अफ्रेड ऑफ’ नको असलेली गोष्ट घडेल ही धास्ती दाखविते : पोहायला जाण्यास कचरणाऱ्याला पहिली आणि बुडण्याची धास्ती असणाऱ्याला दुसरी रचना लागू पडते. विशेषणानंतर ‘की’ या अर्थाचे ‘दॅट’ने सुरू होणारे गौण वाक्य आल्यास पूर्वयोगी अव्ययाचा लोप होतो : ‘अवेअर ऑफ द डेंजर’ (धोक्याची जाणीव असलेला), परंतु ‘अवेअर दॅट...’ (जाणीव असलेला, की...).

वरून सारख्या दिसणाऱ्या रचनांत अंतर्गत संबंध भिन्न असू शकतात, या गोष्टीला आधुनिक भाषाशास्त्रात मोठे महत्त्व आले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ व ‘जॉन इज ईझी टू प्लीज’ या दोन वाक्यांची तुलना केली. पहिल्या वाक्यात जॉन हा खूश करण्याच्या क्रियेचा कर्ता आहे. दुसऱ्यात तो त्याच क्रियेचे कर्म आहे. मराठीत हा भेद वाक्यरचनेतच उमटतो : ‘जॉन इतरांना खूश करण्यास उत्सुक आहे’, ‘जॉनला खूश करणे सोपे आहे’. इंग्रजीत मात्र तो केवळ विशेषणावरून ओळखावा लागतो. ‘ईगर’च्या वर्गात ‘विलिंग’, ‘अँक्शस’, ‘रिलक्टंट’ इत्यादी आणि ‘ईझी’च्या वर्गात ‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’, ‘इम्पॉसिबल’ इत्यादी विशेषणे मोडतात. ‘इम्पॉसिबल’चे विरुद्धार्थी ‘पॉसिबल’ मात्र या रचनेत चालत नाही. ‘रेडी टू ईट’ यासारखी जोडी दोन्ही वर्गांत मोडते. त्यामुळे कोंबडीविषयी ती वापरल्यास कोंबडी दाणे टिपण्यास सिद्ध आहे की शिजून ताटात येण्यास, हे संदर्भाशिवाय कळत नाही.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्या मुलांनाही हा भेद उशिरा साधतो. कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांच्या भाषेचा अभ्यास करून १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली समोर ठेवून ‘ही बाहुली दिसायला सोपी आहे की कठीण?’ अशा अर्थाचा इंग्रजी प्रश्न त्यांनी मुलांना विचारला. लहान मुलांपैकी अनेकांनी ‘कठीण’ असे उत्तर दिले. बाहुलीच पाहणारी आहे व तिचे डोळे बांधलेले आहेत, असा त्यांनी अर्थ लावला होता. पाच वर्षांच्या मुलाला मातृभाषेचे व्याकरण पूर्णतः अवगत झालेले असते, या समजुतीला या प्रयोगाने छेद दिला.

मूल्यमापन करणाऱ्या विशेषणांत अव्ययाचे आणखी एक कार्य दिसते. ‘इट वॉज फूलिश ऑफ हिम टू गो’ यात जाण्याबरोबरच जाणाऱ्यालाही मूर्ख ठरविले आहे. ‘इट वॉज हार्ड फॉर हिम टू गो’ यात जाणे त्याला अवघड होते, एवढेच सांगितले आहे. गुणदोषाचे आरोपण असेल तेथे ‘ऑफ’ व केवळ परिस्थितीचे कथन असेल तेथे ‘फॉर’ येते.

क्रियापद व विशेषण : ‘असणे’ व ‘होणे’ या अर्थांच्या क्रियापदांखेरीज इतरही अनेक इंग्रजी क्रियापदे विशेषणाला कर्त्याशी जोडतात. स्थित्यंतर दाखविणाऱ्या क्रियापदांची निवड विशेषणावर अवलंबून असते. ‘गो’ बहुधा अनिष्ट बदल दाखविते : ‘गो मॅड’ (वेडे होणे), ‘गो ब्लाइंड’ (आंधळे होणे), ‘गो बॅड’ (नासणे). ‘कम’ पुष्कळदा इष्ट बदल वा सुटे होणे दाखविते : ‘कम ट्रू’ (खरे ठरणे), ‘कम लूज’ (सैल होणे). ‘फॉल’ अकस्मात वा अनिच्छेने येणारी अवस्था दाखविते : ‘फॉल इल’ (आजारी पडणे), ‘फॉल अस्लीप’ (झोप लागणे). ‘रन’मध्ये साठा संपण्याची कल्पना असते : ‘रन ड्राय’ (आटणे), ‘रन शॉर्ट’ (कमी पडणे). ‘ग्रो’ हळूहळू होणारा आणि ‘टर्न’ रंग, चव इत्यादींत स्पष्टपणे जाणवणारा बदल दर्शविते. मराठीतही ‘आजारी पडणे’, ‘वेड लागणे’, ‘दूध नासणे’ अशा भिन्न रचना आहेत. त्यांपैकी ‘आजारी पडणे’ इंग्रजीशी जुळते, इतर जुळत नाहीत.

ज्ञानेंद्रियांशी निगडित असलेल्या ‘लुक’, ‘साउंड’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’ व ‘फील’ या क्रियापदांनंतर विशेषण येते, क्रियाविशेषण नव्हे. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली’ म्हणजे त्याने रागाने पाहिले. पहिल्यात विशेषण कर्त्याचे वर्णन करते, दुसऱ्यात क्रियाविशेषण पाहण्याच्या क्रियेचे.

काही रचनांत विशेषण कर्मावर झालेला परिणाम सांगते : ‘वाइप क्लीन’ (पुसून स्वच्छ करणे), ‘पुश ओपन’ (ढकलून उघडणे). येथे इंग्रजी एक क्रियापद व एक विशेषण यांवर काम भागविते, तर मराठीला बहुधा ‘ऊन’ प्रत्ययान्त पूर्वकालवाचक रूप व दुसरे क्रियापद अशी जोडी लागते.

रूढी व प्रादेशिक भेद : या जोड्या काळाबरोबर व प्रदेशागणिक बदलतात. ‘डिफरंट’ (भिन्न) या विशेषणापुढे ‘फ्रॉम’ सर्वत्र मान्य आहे. ब्रिटिश बोलीत ‘टू’ व अमेरिकन इंग्रजीत ‘दॅन’ हेही आढळते. ‘फ्रॉम’खेरीज काहीच शुद्ध नाही, हा समज हेन्री वॉटसन फाउलर यांनी १९२६ मधील आपल्या प्रसिद्ध वापरकोशात भ्रामक ठरविला. ‘बोर्ड’ (कंटाळलेला) या विशेषणापुढे पूर्वी ‘विथ’ व ‘बाय’ येत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तरुण पिढीत ‘टायर्ड ऑफ’च्या धर्तीवर ‘बोर्ड ऑफ’ रूढ होत गेले.

मराठी भाषक व विशेषणसंयोग : मराठी भाषकांच्या इंग्रजीत आढळणाऱ्या अनेक चुका मराठी प्रत्ययांच्या शब्दशः अनुवादातून उद्भवतात. ‘त्याच्यावर रागावला’ यातील ‘वर’मुळे ‘अँग्री ऑन’, ‘तिच्याशी लग्न झाले’ यातील ‘शी’मुळे ‘मॅरिड विथ’ (योग्य जोडी ‘मॅरिड टू’) आणि ‘फुलांनी भरलेली’ यातील ‘नी’मुळे ‘फुल विथ’ (योग्य जोडी ‘फुल ऑफ’) असे प्रयोग होतात. ‘सीनिअर’, ‘ज्यूनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ हे शब्द लॅटिनमधील तुलनावाचक रूपे असून त्यांपुढे ‘टू’ येते. मराठीतील ‘पेक्षा’च्या प्रभावाने तेथे ‘दॅन’ वापरले जाते. काही ठिकाणी मात्र मराठी प्रत्यय साहाय्यकारी ठरतो : ‘-हून भिन्न’ व ‘डिफरंट फ्रॉम’ यांत दोन्ही भाषा अपादानाचीच कल्पना वापरतात. यास्तव प्रत्येक विशेषण सुटे न शिकता त्याच्या जोडीच्या अव्ययासह एकच पद म्हणून शिकणे, हा अध्यापनाचा श्रेयस्कर मार्ग मानला जातो.

कोशरचना व संशोधन : जुन्या कोशांत शब्दाचा अर्थ दिलेला असे, तो कोणत्या रचनेत वापरावा, याची पद्धतशीर माहिती क्वचितच मिळे. ही उणीव परकीय विद्यार्थ्यांच्या अध्यापनातून लक्षात आली. जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी ई. व्ही. गेटन्बी व एच. वेकफील्ड यांच्या सहकार्याने तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकिओ येथे प्रसिद्ध झाला. त्यात क्रियापदांच्या रचनांचे साचे क्रमांक देऊन दर्शविले होते. तोच कोश १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केला व त्याच्या पुढील आवृत्त्या भारतीय महाविद्यालयांतून सर्वपरिचित झाल्या. हॉर्नबी यांनी १९५४ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून विशेषणांच्या रचनांचेही वर्गीकरण केले. शब्दाचा अर्थ त्याच्या नित्य सोबत्यांवरून कळतो, हा विचार जे. आर. फर्थ यांनी याच सुमारास मांडला. रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे सहकारी यांच्या १९८५ मधील बृहद्‌व्याकरणात विशेषणांच्या पूरकांचे तपशीलवार विवेचन आहे. संगणकावर साठविलेल्या प्रत्यक्ष भाषाप्रयोगांच्या आधारे तयार झालेला कोबिल्ड कोश १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादकत्वाखाली निघाला. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ या सु. १० कोटी शब्दांच्या संग्रहामुळे एखादी जोडी किती वेळा व कोणत्या प्रकारच्या लेखनात येते, हे मोजून सांगता येऊ लागले.

या संशोधनामुळे व्याकरण व शब्दसंग्रह यांमधील पारंपरिक सीमारेषा पुसट झाली आहे. विशेषणसंयोग हे केवळ नियमांनी सिद्ध होत नाहीत आणि केवळ पाठांतराचा विषयही नाहीत. त्यांमागे जुन्या विभक्तींचा इतिहास, अर्थाच्या सूक्ष्म छटा व भाषकसमाजाची रूढी ही तिन्ही असतात.